चालत्या घराची गियरपेटी

यंत्र ज्या कामासाठीं जन्मास आलें, तेंच काम त्याच्या वांट्यास सर्वकाळ येतें असें नाहीं. रथाच्या घोड्याला नांगरास जुंपावें, तशी गत पुष्कळ यंत्रांची होते. अशा वेळीं यंत्राची खरी परीक्षा होते. आणि त्याहूनही अधिक परीक्षा होते ती यंत्र चालविणाराची. अमेरिकेंतील मोठाल्या मोटारघरांच्या जुन्या स्वयंचलित गियरपेट्यांचा इतिहास हा अशाच एका परीक्षेचा इतिहास आहे.

मोटारघर म्हणजे चाकांवर बसविलेलें घर. निजावयास पलंग, स्वयंपाकास शेगडी, अन्न टिकविण्यास शीतकपाट, न्हाणीघर, पाण्याच्या टांक्या आणि पुढच्या बाजूस चालकाची खुर्ची, असा सर्व संसार एकाच चौकटीवर उभारलेला असतो. १९६० नंतरच्या वीस वर्षांत अमेरिकेंत अशीं घरें हजारोंनीं रस्त्यावर आलीं. नोकरींतून निवृत्त झालेलीं अनेक जोडपीं आयुष्याची पुंजी अशा घरांत घालून देशाटनास निघत. त्यांच्या डोळ्यांना पलंग दिसे, पडदे दिसत. तळाची गियरपेटी मात्र दिसत नसे. ही गियरपेटी मूळची प्रवासी मोटारीसाठीं आणि हलक्या मालमोटारीसाठीं घडविलेली. दोन-अडीच टनांची गाडी ओढण्याची जिला संवय, तिनें आतां पांच-सहा टनांचें घर ओढावयाचें होतें. बहुतेक वेळां ती तें मुकाट्यानें ओढी. कधीं मात्र भर घाटांत तिच्यांतील तेल करपे आणि सगळें घर रस्त्याच्या कडेला उभें राही. साधी मोटार बिघडली तर माणूस दुसऱ्या वाहनानें घरीं जातो. येथें बिघडलेली मोटार हेंच घर असे.

ही पाळी कां येई, आणि कोणावर येत नसे, हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे.

पेट्रोलच्या एंजिनाचा एक स्वभावदोष आहे. वाफेचें एंजिन उभ्या जागीं पूर्ण जोर लावूं शकतें. पेट्रोलचें एंजिन मिनिटाला कांहीं शें फेऱ्या झाल्याशिवाय कामाचा जोर देत नाहीं. चाकें तर आरंभीं स्थिर असतात. फिरतें एंजिन व स्थिर चाकें यांची गांठ घालून देणें हें क्लचचें काम. आणि चढ-उतार पाहून दोहोंच्या गतींचें प्रमाण बदलणें हें गियरपेटीचें काम. पूर्वीं हीं दोन्ही कामें चालकाच्या हातापायांवर सोंपविलेलीं असत. दांत्यांचा खडखडाट न करतां गियर बदलणारा चालक मोठा कसबी समजला जाई. १९०८ सालीं हेन्री फोर्ड याच्या कारखान्यानें काढलेल्या ‘टी’ मोटारींत एक निराळी युक्ति होती. मध्यें एक चक्र, त्याच्याभोंवतीं फिरणारीं लहान चक्रें, अशी सूर्य व ग्रह यांच्यासारखी ती मांडणी. या चक्रांचे दांते एकमेकांपासून कधीं सुटतच नसत. पायानें एक पट्टा आवळला कीं एका भागाचें फिरणें थांबे आणि गतीचें प्रमाण बदले. पुढील काळांतील स्वयंचलित गियरपेटीचा कणा म्हणजे हीच ग्रहचक्रें होत.

दुसरा धागा जहाजांकडून आला. जर्मनीच्या स्टेटिन बंदरांतील व्हल्कन गोदींत हेर्मान फ्यॉटिंगर नांवाचा इंजिनियर काम करीत असे. वाफेचें टर्बाइन फार वेगानें फिरतें. जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरावा लागतो. या दोघांची सांगड दांत्यांऐवजीं द्रवाच्या द्वारें घालण्याची कल्पना त्यानें काढली व १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. कल्पना समजण्यास सोपी आहे. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागतो. वाऱ्याच्या जागीं तेल घालावें आणि दोन्ही पंखे एकाच बंद डब्यांत ठेवावे, म्हणजे द्रवाचा जोड तयार झाला. या दोहोंमध्यें तेलाचा प्रवाह वळवून परत पाठविणारा तिसरा, स्थिर पंखा बसविला, तर पहिल्याच्या पिळाचा जोर दुसऱ्यावर सुमारें दुप्पट होऊन पोंचतो. या यंत्रास टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. मात्र जोर वाढतो तो फुकट नव्हे. दुसरा पंखा पहिल्याच्या जेवढा मागें राहील, तेवढी शक्ति तेलाच्या घुसळणींत खर्ची पडते आणि तिची उष्णता होते. मोटारघराच्या सगळ्या कथेचें बीज या एका वाक्यांत आहे.

हे दोन धागे मोटारींत प्रथम यशस्वी रीतीनें जनरल मोटर्स कंपनीनें एकत्र गुंफले. तिच्या अर्ल थॉम्प्सन या इंजिनियराच्या हाताखालीं ‘हायड्रा-मॅटिक’ ही गियरपेटी तयार झाली व १९३९ च्या अखेरीस ओल्डस्मोबील मोटारींत बसविली गेली. तींत द्रवाचा साधा जोड होता आणि पुढें जाण्याचे चार गियर होते. ५७ डॉलर अधिक दिले कीं क्लचच्या पायपट्टीपासून कायमची सुटका होई. लौकरच महायुद्ध आलें, आणि कुटुंबाच्या सोयीसाठीं काढलेली ही पेटी अमेरिकन सैन्याच्या एम-५ या हलक्या रणगाड्यांत दोन कॅडिलॅक एंजिनांच्या जोडीला जाऊन बसली. ज्या यंत्रानें रणगाडा ओढला, तें उद्यां काय वाटेल तें ओढील, असा विश्वास लोकांच्या मनांत येथूनच रुजला.

युद्धानंतर टॉर्क कन्व्हर्टरचें युग आलें. १९४८ सालीं ब्युइकची ‘डायनाफ्लो’ निघाली. ती रेशमासारखी मऊ चाले, पण तेलाच्या घुसळणींत तिची बरीच शक्ति वाया जाई. १२ ऑगस्ट १९५३ रोजीं मिशिगन संस्थानांतील लिव्होनिया येथील हायड्रा-मॅटिकचा कारखाना आगींत भस्मसात् झाला. कंपनीनें जवळच्या विलो रन येथील प्रचंड इमारत घेतली. युद्धकाळांत बी-२४ जातीचीं बाँबफेकीं विमानें जेथें जोडलीं गेलीं, तीच ही जागा. तेथें कांहीं महिन्यांतच गियरपेट्या पुन्हां तयार होऊं लागल्या, आणि पुढें हजारों मोटारघरें ओढणारी प्रसिद्ध पेटी याच छपराखालीं निर्माण झाली.

पुढील दहा-बारा वर्षांत तीन मोठ्या कंपन्यांनीं तीन गियरांच्या तीन पेट्या काढल्या. क्रायस्लर कंपनीची ‘टॉर्कफ्लाइट’ १९५६ सालीं आली. तिची ॲल्युमिनियमच्या आवरणाची ‘७२७’ ही आवृत्ति १९६२ च्या मोटारींत दिसली. १९६४ च्या कॅडिलॅक व ब्युइक मोटारींत जनरल मोटर्सची ‘टर्बो-हायड्रामॅटिक ४००’ बसली. १९६६ च्या मोटारींत फोर्डची ‘सी-६’ आली. तिघींच्या पोटांत ग्रहचक्रांची जी जोडी आहे, ती हॉवर्ड सिम्पसन या इंजिनियराच्या योजनेवरून घेतलेली होती. त्यामुळें त्यांचीं प्रमाणेंही सख्ख्या बहिणींसारखीं आहेत. पहिल्या गियरांत चाकाकडील दांड्याच्या एका फेरीस एंजिनाच्या सुमारें २.४५ फेऱ्या, दुसऱ्यांत १.४५ च्या आसपास, आणि तिसऱ्यांत बरोबर एकास एक. जनरल मोटर्सची पेटी इतकी भरंवशाची ठरली कीं, रोल्स-रॉइसनें आपल्या ‘सिल्व्हर शॅडो’ मोटारींत व पुढें जॅग्वारनेंही आपल्या बारा सिलिंडरांच्या मोटारींत ती घेतली.

या पेट्यांना विजेचा मेंदू नव्हता. त्यांचें सर्व ज्ञान दोन गोष्टींपुरतें होतें. बाहेर जाणाऱ्या दांड्यावर बसविलेलीं वजनें गाडीचा वेग वाढला कीं बाहेर फेंकलीं जात व तेलाचा दाब वाढवीत; त्यावरून पेटीला वेग कळे. एंजिनावर भार किती आहे, हें जनरल मोटर्सच्या व फोर्डच्या पेट्यांना एंजिनांतील निर्वाताच्या नळीवरून समजे, तर क्रायस्लरच्या पेटीला पेट्रोलच्या पायपट्टीशीं जोडलेल्या कांबीवरून समजे. हे दोन दाब एकमेकांशीं झगडत, आणि जो जिंके त्याप्रमाणें गियर वर किंवा खालीं जाई. रचना साधी, म्हणून टिकाऊ. पण तितकीच भोळी. निर्वाताची नळी फुटली तर पेटीला वाटे कीं गाडी सतत चढावर आहे, आणि ती हिसके देऊं लागे. नळीच्या टोंकाचा पडदा फाटला तर पेटीचें तेलच एंजिनांत शोषलें जाऊन मागें पांढरा धूर निघे. क्रायस्लरची कांब अयोग्य लांबीवर बसविली गेली तर दाब अपुरा राही, क्लच घसरत व जळून जात. समोर घाट आहे, तेल तापलें आहे किंवा पाठीवर घर आहे, यांतील एकही गोष्ट या पेट्यांना समजण्याचा मार्ग नव्हता.

आतां मोटारघराकडे वळावें. मिशिगनमधील ब्राउन सिटी येथील रे फ्रँक यानें १९५८ सालीं आपल्या कुटुंबासाठीं असें वाहन बांधलें, आणि त्यांतून डॉजच्या चौकटीवर मोटारघरें बांधण्याचा धंदा उभा राहिला. आयोवा संस्थानांतील फॉरेस्ट सिटी या लहानशा गांवीं जॉन हॅन्सन या फर्निचरच्या व्यापाऱ्याच्या पुढाकारानें १९५८ सालीं ओढगाड्यांचा कारखाना निघाला. तोच पुढें विनेबागो या नांवानें प्रसिद्ध झाला. १९६६ सालीं त्यानें मोटारघरें काढलीं आणि तीं इतरांच्या मानानें पुष्कळ स्वस्त विकलीं. श्रीमंतांची चैन मध्यम वर्गाच्या आवांक्यांत आली. घर बांधणारे कारखाने स्वतः एंजिन किंवा गियरपेटी बनवीत नसत. ते तयार चौकट विकत घेत. त्यामुळें डॉजच्या चौकटीबरोबर ७२७, शेव्हरोलेच्या चौकटीबरोबर ४०० आणि फोर्डच्या चौकटीबरोबर सी-६ आपोआप घराखालीं येऊन बसल्या.

यांत १९७३ ते १९७८ पर्यंत निघालेलें जीएमसी मोटारघर निराळें होतें. तें घर व चौकट दोन्ही एकाच कंपनीनें बांधलेलें. त्याच्या पुढच्या चाकांना जोर मिळे. ओल्डस्मोबीलच्या टोरोनॅडो मोटारीचें सबंध यंत्रच त्यांनीं उचललें होतें. ४५५ घन इंचांचें एंजिन, त्याच्या मागें टॉर्क कन्व्हर्टर, तेथून रुंद सांखळीनें जोर बाजूस वळविलेला आणि एंजिनाच्या कुशींत बसलेली ‘टर्बो-हायड्रामॅटिक ४२५’ पेटी, अशी ती मांडणी. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा नसल्यामुळें घराची जमीन खालीं आली व आंत उभ्यानें वावरतां येऊं लागलें. सुमारें १३ हजार घरें निघालीं. एका ऐषआरामी मोटारीच्या पेटीनें २६ फूट लांबीचें व पांच टनांहून अधिक भाराचें घर पुढच्या चाकांनीं ओढावें, हें त्या काळीं नवल होतें.

सपाट प्रदेशांत या सर्व पेट्या उत्तम चालल्या, ही गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. गाडी हलतांना टॉर्क कन्व्हर्टर पिळाचा जोर दुप्पट करी, त्यामुळें जड घर हिसका न देतां निघे. क्लच जाळण्याची भीति नव्हती. ज्या वृद्ध गृहस्थानें जन्मांत मोठी मालमोटार चालविली नाहीं, त्याला तीस फुटांचें घर हांकण्याचा धीर आला, तो या पेट्यांमुळेंच. त्यांतच १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेंत ताशी ५५ मैलांची राष्ट्रीय वेगमर्यादा आली, आणि एकास एक प्रमाणाचा तिसरा गियर त्या वेगाला अगदीं जुळून गेला.

अडचण सुरू होई ती डोंगराच्या पायथ्याशीं. कोलोराडोंत डेन्व्हरहून पश्चिमेस जाणारा हमरस्ता समुद्रसपाटीपासून सुमारें ११ हजार फूट चढून आयझेनहॉवर बोगद्यांत शिरतो. हा बोगदा १९७३ सालींच खुला झाला. त्याच्या दोन्ही बाजूंस दर शंभर फुटांस सहा-सात फुटांचा चढ आहे. थोडें गणित करून पाहावें. पांच टनांचें घर शेंकडा ६ च्या चढावर ताशी ५० मैलांनीं नेण्यास केवळ उचलण्यासाठींच सुमारें ८८ अश्वशक्ति लागते. वाऱ्याचा व टायरांचा विरोध धरला तर बेरीज १२० च्या घरांत जाते. उलट उंचीवर हवा विरळ होते. दर हजार फुटांस एंजिनाची सुमारें शेंकडा ३ शक्ति जाते. म्हणजे बोगद्याच्या तोंडाशीं एंजिनाचें तिसऱ्या हिश्शाइतकें बळ नाहींसें झालेलें असतें. गरज सर्वांत मोठी, तेथेंच बळ सर्वांत थोडें.

जीएमसी घराचें एंजिन ताशी ५० मैलांस तिसऱ्या गियरांत मिनिटाला सुमारें १८०० फेऱ्या करी. इतक्या थोड्या फेऱ्यांत त्यांतून १२० अश्वशक्ति निघण्यासारखी नव्हती. दुसऱ्या गियरांत फेऱ्या २६०० होत आणि काम भागे. पण गियर खालीं उतरला कीं एंजिन मोठ्यानें ओरडूं लागे. तें दोन पुढच्या खुर्च्यांजवळ, जमिनीच्या पातळीशींच बसविलेलें. गृहिणीला बोलणें ऐकूं येईना, चालकाला वाटे कीं एंजिनाचे हाल होत आहेत. म्हणून तो पायपट्टी दाबून ठेवी, पण तिसरा गियर सोडीत नसे. एंजिन घुमत, शांतपणें चढे. ही शांतता फसवी होती. फेऱ्या कमी व भार पूर्ण, अशा अवस्थेंत कन्व्हर्टरमधील दुसरा पंखा पहिल्याच्या फार मागें पडतो आणि शक्तीचा मोठा वांटा तेलांत जिरतो. १२० अश्वशक्तींपैकीं शेंकडा १५ जरी अशी वाया गेली, तरी ती १३ किलोवॉट होते. म्हणजे एक-एक किलोवॉटच्या तेरा विजेच्या शेगड्या त्या बंद डब्यांत एकदम पेटविल्यासारखें होतें.

ही उष्णता जावयाची कोठें? पेटीचें तेल नळ्यांतून पुढच्या रेडिएटरच्या तळाशीं जाऊन तेथील पाण्यांत थंड होऊन येई. परंतु घाटांत एंजिनाचें पाणीही त्याच वेळीं तापलेलें असे. दोन ज्वरार्त रोगी एकमेकांच्या कपाळावर हात ठेवून ताप उतरवूं पाहत आहेत, असा तो प्रकार होता. कारागिरांचा एक ठोकताळा आहे कीं, या तेलाचें योग्य उष्णमान १७५ अंश फॅरनहाइटच्या सुमारास असतें, आणि त्यावर दर २० अंशांस तेलाचें आयुष्य निम्में होतें. उष्णमान फार चढलें कीं तेलाचें रोगणासारखें किटण बनून झडपांना चिकटतें, रबराच्या कड्या कडक होतात, दाब गळतो, क्लचच्या चकत्या घसरतात, आणि घसरण्यानें आणखी उष्णता होते. लाल तेल तपकिरी झालें व करपल्याचा वास आला कीं पेटीचे दिवस भरले असें समजावें. दांते तुटल्यानें मेलेल्या पेट्या थोड्या. तेल करपल्यानें मेलेल्या फार.

या तेलाचाही एक इतिहास आहे. आरंभीं त्यांत स्पर्म जातीच्या देवमाशाचें तेल मिसळलेलें असे. क्लचच्या चकत्यांमधील घर्षण नेमकें ठेवण्यास तें फार उपयोगी पडे. १९७० सालीं अमेरिकन सरकारनें हा प्राणी नष्ट होऊं घातलेल्या जातींच्या यादींत घातला आणि त्याच्या तेलाचा मार्ग बंद झाला. जनरल मोटर्सनें ‘डेक्सरॉन-२’ हें नवें तेल आणलें. त्याचा पहिला प्रकार तेल थंड करणाऱ्या नळ्यांच्या डाखांना खाऊं लागला, तेव्हां त्यांत पुन्हां सुधारणा करावी लागली. डाख गळाला कीं रेडिएटरचें पाणी गियरपेटींत शिरतें, आणि पाण्यानें क्लचच्या कागदी अस्तराचा लगदा होतो. समुद्रांतील एका प्राण्याच्या रक्षणाचा धक्का अशा रीतीनें डोंगरांतील मोटारींपर्यंत जाऊन पोंचला.

ज्यांच्या पेट्या लाख-लाख मैल चालल्या, त्यांनीं कांहीं गोष्टी अनुभवानें शिकून घेतल्या. चढ लागण्यापूर्वींच हातानें दुसरा गियर घालावा; एंजिन ओरडूं द्यावें, कारण ओरडणाऱ्या एंजिनामागची पेटी थंड राहते, आणि फेऱ्या वाढल्यानें पाण्याचा पंपही जोरानें चालतो. रेडिएटरच्या पुढें, वाऱ्याच्या तोंडीं, तेलासाठीं स्वतंत्र थंडावा बसवावा. तेलाचें उष्णमान दाखविणारा कांटा डोळ्यांसमोर असावा. तेल वेळेपूर्वीं बदलावें. घाटमाथ्यावर थांबल्यास एंजिन लगेच बंद करूं नये. आणि जुनी टॉर्कफ्लाइट असेल तर दांडी ‘पार्क’मध्यें न ठेवतां, हातब्रेक लावून ‘न्यूट्रल’मध्यें ठेवावी, कारण त्या पेटीच्या पार्क स्थितींत तेल कन्व्हर्टरमधून व थंडाव्यामधून फिरतच नाहीं. ‘स्वयंचलित’ हा शब्द ज्यांनीं अक्षरशः खरा मानला, त्यांना हे नियम कोणी सांगितले नाहींत तों पेटी जळून जाई. ज्यांनीं पेटीचें अर्धें काम आपल्या हातीं परत घेतलें, त्यांना तिनें दगा दिला नाहीं.

उतरतांना प्रश्न उलटा होई. पेट्रोलचें एंजिन खालच्या गियरांत घातलें तर तें गाडीला मागें ओढून धरतें. म्हणून जो गियर चढतांना, तोच उतरतांना, हा चांगला नियम ठरला. पुढें मोठीं मोटारघरें डिझेल एंजिनावर गेलीं आणि इंडियानापोलिस येथील ॲलिसन कारखान्याच्या पेट्या त्यांत आल्या. ॲलिसनचा अनुभव रणगाडे व अवजड मालमोटारी यांचा. त्यामुळें वजनाची भीति उरली नाहीं. त्याची १९७० नंतरची ‘एटी’ मालेंतील चार गियरांची पेटी शाळांच्या बसगाड्यांतही पुष्कळ चालली. परंतु तिच्या कन्व्हर्टरमध्यें दोन्ही पंखे एकमेकांना पक्के जखडून टाकणारा क्लच नव्हता. त्यामुळें चढावर तिचें तेल तापे, आणि उतारावर चाकांचा जोर एंजिनापर्यंत नीट पोंचत नसल्यामुळें एंजिनाची ओढ फार क्षीण पडे. सगळा भार ब्रेकांवर येई. मोठी बहीण ‘एमटी-६४३’ हिच्यांत असा जखडणारा क्लच होता, आणि म्हणून तीच दऱ्याखोऱ्यांतील प्रवाशांना मानवली. ही युक्ति नवी नव्हती. पॅकार्ड कंपनीनें १९४९ सालीं आपल्या मोटारींत ती वापरली होती. पण खर्च वांचविण्यासाठीं उद्योगानें ती बराच काळ बाजूस ठेवली.

पेट्रोल महाग झाल्यावर तिच्याकडे पुन्हां लक्ष गेलें. १९८७ पासून वेगमर्यादा सैल होऊं लागली व १९९५ सालीं राष्ट्रीय मर्यादा उठलीच. ताशी ६५-७० मैलांवर तीन गियरांचीं जुनीं घरें रस्त्यावर घरघरूं लागलीं. तेव्हां एंजिनापेक्षां चाकाकडील दांडा अधिक वेगानें फिरविणारा चौथा गियर आणि जखडणारा क्लच, असें दोन्ही एकदम आलें. १९८९ सालीं सी-६ च्या सांगाड्यावरून फोर्डची ‘ई-४-ओ-डी’ निघाली, व १९९१ सालीं ४०० च्या वंशांतून ‘४-एल-८०-ई’ आली. दोहोंचा कारभार संगणकाकडे होता. वजनांच्या व निर्वाताच्या जागीं विजेच्या तारा आल्या. तेल किती तापलें आहे, हें पेटीला प्रथमच कळूं लागलें. फोर्डच्या नव्या पेटीबद्दल आरंभींच्या वर्षांत तक्रारीही झाल्या. चढावर ती तिसऱ्या-चौथ्यांत सारखी हेलकावत राही, तेव्हां चौथा गियर बंद करण्याची कळ चालकानेंच दाबावी लागे. हळूहळू तेंही ज्ञान यंत्रांत घातलें गेलें. आजच्या पेट्यांना सहा ते दहा गियर असतात. ओझें ओढण्याची कळ दाबली कीं त्या चढावर गियर धरून ठेवतात आणि उतारावर आपण होऊन खालीं येतात. जुन्या कसबी चालकानें डोळ्यानें, कानानें व नाकानें जें ओळखलें, तेंच आतां तारांनीं ओळखावयाचें असतें.

विलो रनचा कारखाना २०१० सालीं बंद पडला. तरीही तेथें तयार झालेल्या पेट्या अजून धांवत आहेत. जीएमसीचीं जुनीं घरें जपणारे लोक अमेरिकेंत आजही आहेत. कांहीं जणांनीं पुढच्या चाकांच्या दंतचक्रांचें प्रमाण बदलून एंजिनास चढावर थोड्या अधिक फेऱ्या मिळतील अशी सोय केली आहे. सुटे भाग मिळतात, आणि जाणत्या कारागिराला संगणकाच्या मदतीशिवाय ती पेटी उघडून पुन्हां जुळवितां येते. हें सुख नव्या पेटीच्या मालकास नाहीं.

तेव्हां जुन्या पेट्यांबद्दल निर्णय द्यावयाचा झाल्यास तो असा द्यावा लागेल. त्या दुबळ्या नव्हत्या. कुटुंबाच्या मोटारीसाठीं घडविलेल्या असून त्यांनीं दुपटीहून अधिक ओझें पन्नास पन्नास वर्षें वाहिलें. त्या सर्वज्ञही नव्हत्या. वेग आणि भार या दोहोंपलीकडचें जग त्यांना अज्ञात होतें. जाहिरातींनीं लोकांना सांगितलें कीं, आतां चालकानें फक्त चाक धरावें. तें सपाटीवर खरें होतें. घाटांत मात्र यंत्राला जें कळत नाहीं, तें माणसानें स्वतःकडे ठेवावयाचें होतें. ज्यानें तें ठेवलें त्याचें घर घाटमाथा ओलांडून पलीकडे गेलें. ज्यानें तें यंत्रावर टाकलें, त्याला करपलेल्या तेलाच्या वासानें तें ध्यानीं आलें, आणि तोंवर संध्याकाळ होऊन गेलेली असे.